लेणे आणि पोढी

परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळच्या नेमगिरीस जाणाऱ्याने मान वाकवण्याची तयारी ठेवावी. तेथील जैन गुहामंदिरांची दारे ठेंगणी आहेत. वैशाखातले ऊन मात्र बाहेरच राहते. ना पंखा, ना खिडकी, तरी आत गारवा.

पावसाळ्यात भ्रमण थांबवून एके ठिकाणी राहण्याचा दंडक जैन मुनींना होता, तसाच बौद्ध भिक्षूंनाही. डोंगरातील अतिथिगृहांचा उगम या वर्षावासात आहे. त्या वसतीचा लेखी पुरावा पाहायचा, तर परभणी सोडून बोरिवलीजवळच्या कान्हेरीस जावे लागते. तेथे शंभरांहून अधिक लेणी आहेत. बहुतेकांचा आराखडा एकच: छोटे अंगण, ओसरी, खोली, निजण्यास दगडी ओटा. अधिक काही नाही. पण दाराशी खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे, आणि कड्यावरचे पाणी तेथवर आणणाऱ्या पन्हळी आहेत.

तेथील शिलालेखांत लेणे व ‘पोढी’ म्हणजे टाके यांचे दान एका दमात नोंदलेले आढळते. निवाऱ्याइतकेच पाणीही दात्याला महत्त्वाचे वाटले. दाते बहुधा कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी. काहींनी शेतेही लावून दिली. त्यांतील एक मंगलस्थान गावचे, म्हणजे आजचे मागाठाणे. उत्पन्नातून भिक्षूंना वस्त्रे मिळत. दान कोणाला? ‘चातुर्दिश’ संघाला, चारही दिशांतून येईल त्या भिक्षूला. ओळखपाळखीची अट नव्हती.

जवळच मंडपेश्वर येथे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी शैव लेण्यातच प्रार्थनागृह केले आणि वर मठ उभारला. नवे बांधकाम टाळले म्हणून त्यांचे कौतुक करावे, की दुसऱ्याचे देवस्थान घेतले म्हणून संकोचावे? मला संकोचच अधिक वाटतो. मठाची आज पडझड झाली आहे. खालचे लेणे टिकून आहे.

हे सारे आठवले ते एका डोंगरावरील नियोजित साधनागृहाच्या बैठकीत. वातानुकूलित खोल्या किती, गाड्या कोठे उभ्या करायच्या, यावर दोन तास चर्चा झाली. मी विचारले, छपरावरचे पावसाचे पाणी कोठे जाणार? नकाशा पुन्हा उलगडण्यात आला. ते नालीवाटे ओढ्यात सोडले होते आणि पिण्यासाठी टँकरची तरतूद होती.