कोण मुल्की, कोण गैरमुल्की

दहावी-बारावीचे निकाल लागले की जालन्यातल्या सेतू केंद्रांवर डोमिसाईलसाठी झुंबड उडते. टीसी, रेशन कार्ड, लाइट बिल, तलाठ्याचा रहिवासी दाखला. एवढी जमवाजमव कशासाठी, तर आपण १५ वर्षं महाराष्ट्रात राहतोय हे सरकारला पटावं म्हणून. हा १५ चा आकडा मराठवाड्याला नवा नाही. निजामाच्या राज्यातही तोच होता. बाहेरून आलेल्यांत ज्याच्याकडे तेवढी वर्षं जमा, तो मुल्की, बाकीचे गैरमुल्की.

भांडण नोकऱ्यांचं होतं. पहिला सालारजंग १८५३ ते १८८३ दिवाण होता. कारभार सुधारायला त्यानं उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी आणले, त्यांत अलीगढच्या वर्तुळातले बरेच. पुढं फारसी जाऊन उर्दू दरबारी भाषा झाली आणि त्यांचा जम आणखी बसला. हैदराबादची जुनी घराणी चिडली. ही चिडचिड हवेल्यांमधली. अंबडच्या कुणब्याला तिचं सोयरसुतक नव्हतं.

१९१९ साली सातव्या निजामाचं फर्मान निघालं आणि मुल्की कोण, ते नोकरीच्या नियमांत लिहिलं गेलं. राज्याचा जन्मजात प्रजाजन मुल्की. मुल्की पुरुषाची बायको मुल्की. जन्माच्या वेळी बाप सरकारी नोकरीत असेल आणि त्याची १५ वर्षं भरली असतील, तर मूल मुल्की. बाहेरच्याला मात्र दुहेरी अट: १५ वर्षं कायमचा रहिवास, शिवाय मूळ ठिकाणी परतायचा विचार सोडून दिला आहे, असं मॅजिस्ट्रेटनं साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र. वर्षं मोजता येतात, मनातला विचार कसा मोजणार? तरी ज्यानं ही अट घातली त्याला लोकांच्या पोटातलं बरोबर कळलं होतं. उपरा येतो याचा राग थोडा. इथं कमावून तिकडं नेतो, याचा जास्त.

हा राग काही दख्खनची मिरास नव्हे. अमेरिकेनं १७९८ साली नागरिकत्वासाठीची रहिवासाची अट ५ वर्षांवरून १४ वर नेली, चारच वर्षांत पुन्हा ५ वर आणली. १८५० च्या दशकात आयरिश-जर्मन लोंढ्याला बिचकलेला ‘नो नथिंग’ पक्ष २१ वर्षं मागत होता.

जालन्याच्या मराठी पोराला मुल्की असून फारसं काही मिळालं नाही. संस्थानात सुमारे चौथाई लोक मराठी बोलणारे, पण १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. कुंपण त्याच्या नावानं घातलं आणि फाटकाची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मद्रास-मुंबईकडचे अधिकारी आले आणि जुनं दुखणं उलटलं. १९५२ च्या सप्टेंबरात हैदराबादेत गैरमुल्कींविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सिटी कॉलेजजवळ गोळीबारात माणसं मेली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५७ च्या केंद्रीय कायद्यानं सरकारी नोकरीतली रहिवासाची अट बहुतेक ठिकाणी मोडली. तेलंगणाला सवलत राहिली, म्हणून तिकडं मुल्कीचं भूत १९७२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आणि पुढच्या आंदोलनांपर्यंत जिवंत राहिलं.

आपल्याकडं अट कारखान्यांच्या दारातून परत आली. उद्योगांत ८० टक्के स्थानिक हवेत, असं महाराष्ट्राचं धोरण. आणि स्थानिक म्हणजे पुन्हा १५ वर्षांचा रहिवासी. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया बनतात. भट्टीपुढची धग सोसायला उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातली पोरं असतात, आणि जालन्याची पोरं वाळूज-चाकणला जातात. ‘बाहेरचे फार झाले’ ही तक्रार ऐकताना मला हे आठवतं. २०२० च्या टाळेबंदीत इथल्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळांवरून गावाकडं चालत निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतले १६ गेले. परतायचा विचार त्यांनी सोडला नव्हता. निजामाच्या नियमात ते कधीच बसले नसते.

घनसावंगी-अंबडकडचे ऊसतोडीचे कोयतेही बसले नसते. मुकादमाची उचल घेऊन नवराबायको दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. तिथं ते उपरे, इथं घराला कुलूप. त्यांच्या पोराच्या डोमिसाईलला रहिवासाचा पुरावा मात्र गावचाच जोडला जातो.