आठ ग्लास पाणी आलं कुठून?

आरोग्याचं कुठलंही सदर उघडा, त्यात एक सल्ला हमखास सापडतो : रोज आठ ग्लास पाणी प्या. दवाखान्याच्या भिंतीवर हा सल्ला टांगलेला असतो, शाळेच्या पुस्तकात असतो आणि आता तर हातातला मोबाइलही घंटी वाजवून त्याची आठवण करून देतो. इतका सर्वमान्य झालेला हा आकडा कुणी काढला, कधी काढला आणि कशावरून काढला, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मी नागपूरच्या नंदनवनात राहतो. वस्तीचं नाव इंद्राच्या बागेचं असलं, तरी मे महिन्यातली इथली दुपार कशी असते हे नागपूरकरांना सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. अशा गावात पाणी किती प्यावं हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. म्हणून या आठ ग्लासांचा माग काढावासा वाटला.

हा माग आपल्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकेत घेऊन जातो. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळानं नागरिकांच्या आहारासाठी काही शिफारशी केल्या होत्या. १९४५ सालच्या शिफारशींत पाण्याचाही उल्लेख आला. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरे, किंवा अन्नाच्या प्रत्येक कॅलरीमागे एक मिलिलिटर पाणी, असा तो हिशेब होता. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक वाक्य होतं. या पाण्याचा बराचसा भाग शिजवलेल्या अन्नातूनच मिळतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पुढे अडीच लिटर लोकांच्या लक्षात राहिले आणि ते वाक्य गळून पडलं, असं या विषयाच्या अभ्यासकांना वाटतं.

आपल्या ताटाकडे पाहिलं तर त्या वाक्याचं मोल कळतं. शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वरण, रस्सा, कढी, ताक यांचं तर बोलायलाच नको. टरबूज आणि काकडी यांत शंभर भागांतले नव्वदाहून अधिक भाग पाणी असतं. शिवाय अन्नाचं ज्वलन होताना शरीर स्वतःही थोडं पाणी तयार करतं. म्हणजे पाण्याचा ग्लास तोंडाला न लावताही आपण बरंच पाणी पोटात घेत असतो.

१९७४ साली फ्रेडरिक स्टेअर या अमेरिकी पोषणतज्ज्ञानं मार्गारेट मॅकविल्यम्स यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ ग्लास असा उल्लेख आला. पण त्यांनी त्यात चहा, कॉफी, दूध ही पेयंही धरली होती. यथावकाश तीही गळली आणि फक्त साधं पाणी उरलं.

२००२ साली मात्र एका जाणकारानं या आकड्याची झडती घेतली. हाइन्झ व्हाल्टिन हे अमेरिकेतल्या डार्टमथ वैद्यकीय महाविद्यालयातले मूत्रपिंडाचे नामवंत अभ्यासक. आठ ग्लासांच्या नियमाला पुरावा काय, हे त्यांनी उपलब्ध संशोधनात शोधलं आणि तसा पुरावा सापडत नाही असं लिहिलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. पण इथेही तीच गंमत झाली. व्हाल्टिन यांनी आपल्या निष्कर्षाला अट घातली होती. समशीतोष्ण हवामानात राहणाऱ्या, बहुतांशी बैठं काम करणाऱ्या निरोगी प्रौढांपुरतं मी हे म्हणतो आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. बातमी पसरली, अट मागे राहिली. तेव्हा मूळ सल्लाही अर्धा पोहोचला आणि त्याचं खंडनही अर्धंच पोहोचलं. डोक्यावर विटा वाहणाऱ्या मजुराला भर मे महिन्यात त्या दोहोंचाही उपयोग नाही.

मग शास्त्र आज काय म्हणतं? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००४ साली पुरुषांसाठी दिवसाला ३.७ लिटर आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर असे आकडे दिले. त्यात अन्नातलं आणि सगळ्या पेयांतलं पाणी धरलेलं आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० साली हेच आकडे २.५ आणि २ लिटर असे ठरवले. दोन जाणत्या संस्थांमध्ये पुरुषांच्या बाबतीत लिटरभराहून अधिक फरक पडतो, यातच सारं आलं. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं निरोगी माणसासाठी सुमारे आठ ग्लास, म्हणजे दोन लिटर, असं सांगितलं आहे. ढोबळ अंदाज म्हणून त्यात वावगं काही नाही. तो सर्वांसाठी, सर्व ऋतूंत लागू होणारा नियम मानला की गडबड होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वीसहून अधिक देशांतल्या ५,६०४ माणसांच्या शरीरातून दिवसाला किती पाणी येतं-जातं, हे त्यात मोजलं होतं. त्यांत आठ दिवसांच्या बाळापासून ९६ वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळे होते. वय, शरीराचा आकार, अंगमेहनत, गरोदरपण, हवेतली उष्णता आणि आर्द्रता या प्रत्येक गोष्टीनं तो आकडा बदलत होता. उष्ण प्रदेशात आणि गरीब देशांत ही उलाढाल अधिक होती. सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाहीच, हे त्यातून पुन्हा दिसलं.

ज्या शरीरासाठी आपण हा हिशेब करतो, त्या शरीराकडे स्वतःचा हिशेबनीस आहे. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली, तरी मेंदूला ते कळतं आणि तहान लागते. त्याच वेळी मूत्रपिंडांना पाणी वाचवण्याचा निरोप जातो. लघवी कमी आणि गडद होते. पाणी जास्त झालं की ती भरपूर आणि फिकट होते. ही खूण आपल्या बायाबापड्यांना ठाऊक होती. 'उन्हाळी लागली' हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. लघवीची जळजळ आणि ऊन यांचा संबंध आपल्या लोकांनी शब्दातच बांधून ठेवला.

जुन्या वैद्यांनीही ग्लास मोजले नाहीत. वाग्भटानं 'अष्टांगहृदय'मध्ये निरोगी माणसानंही पाणी बेतानंच प्यावं असं सांगितलं, पण ग्रीष्म आणि शरद हे दोन ऋतू त्यातून वगळले. त्याच्या सगळ्याच मतांना आजचं शास्त्र दुजोरा देईल असं नाही. पण ऋतू पाहून पाणी ठरवावं, ही त्याची दृष्टी आजही पटणारी आहे.

तहानेवर विसंबायचं, हे घरात बसलेल्या माणसासाठी ठीक. भर उन्हात राबणाऱ्याचं काय? याचंही उत्तर महायुद्धाच्याच काळात शोधलं गेलं. एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले. त्यांचं पुस्तक १९४७ साली निघालं. उन्हात काम करणाऱ्याचा घाम तासाला लिटरभरही जाऊ शकतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. सवयीनं माणूस कमी पाण्यावर भागवायला शिकतो, ही लष्करातली समजूतही त्यांनी खोटी ठरवली. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. पाणी हाताशी असूनही घाम गाळणारा माणूस गेलेल्या पाण्याइतकं पाणी लगेच पीत नाही. ती तूट तो पुढे जेवणाच्या वेळी भरून काढतो. म्हणून उन्हात काम करताना तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळानं पाणी प्यावं लागतं. म्हातारपणी तहान मंदावते, तेव्हा घरातल्या वृद्धांनाही आठवणीनं पाणी द्यावं लागतं.

घामाबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी अति पिण्याचा धोका २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये दिसला. तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं आढळलं आणि वाटेत अति पाणी-पेयं पिणं हे त्याचं मुख्य कारण होतं. उलट, पाण्यात योग्य प्रमाणात मीठ-साखर मिसळली तर काय होतं, हे १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव इथल्या निर्वासित छावणीत दाखवून दिलं. कॉलऱ्यानं मरणारी हजारो माणसं त्या साध्या पाण्यानं वाचली. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, आंबील ही आपली उन्हाळी पेयं याच जातकुळीची आहेत.

इथवर आपण 'किती पाणी' याचा विचार केला. पण इतिहासात त्याहून जुना प्रश्न आहे तो 'कुणाला आणि कुठे' हा. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. आपल्या दानांची यादी देताना त्यानं नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा बांधल्याचं नोंदवलं आहे. प्रपा म्हणजे पाणपोई, आपल्या नागपुरी बोलीतला प्याऊ. वाटसरूनं किती पाणी प्यावं हे त्या शिलालेखात नाही. जिथे तहान लागते तिथे पाणी ठेवलं, एवढंच त्यात आहे.

पण ते पाणी सर्वांना खुलं नव्हतं, हेही विसरून चालणार नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे करावेत असा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. कोर्टातला लढा त्यानंतर दहा वर्षं चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूनं लागला.

पाणी किती प्यायलं जातं, याचा आणखी एका गोष्टीशी संबंध आहे, आणि तो आपल्या विदर्भाला जवळचा आहे. पाण्यातला एखादा घटक किती चालेल हे ठरवताना माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असं जागतिक आरोग्य संघटना गृहीत धरते. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या अनेक विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते प्रमाणाबाहेर गेलं की दातांवर डाग पडतात, हाडं वाकतात. आता जो शेतमजूर उन्हाळ्यात चार-पाच लिटर पाणी पितो, त्याच्या पोटात फ्लोराइडही दुपटीनं जातं. अमेरिकेनं १९६२ साली हवेच्या तापमानानुसार फ्लोराइडची वेगवेगळी मात्रा ठरवली होती, ती याच कारणानं. भारतीय मानकातही १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत सूट आहे. तुरटी आणि चुना वापरून असं पाणी शुद्ध करण्याचं 'नालगोंडा तंत्र' नागपूरच्या 'नीरी'नं विकसित केलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पण जास्त पाणी प्या, हा सल्ला देण्याआधी पाणी कसलं आहे हे पाहिलं पाहिजे, हा त्यातला धडाही घ्यायला हवा.

२०१३ साली अहमदाबादनं आणि २०१६ साली नागपूरनं उष्माघात टाळण्यासाठी कृती आराखडा आखला. उन्हाच्या वेळी पाणी आणि सावली मिळावी, हा अशा आराखड्यांचा गाभा असतो. त्याची किंमत आपण मोजलेली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात झालेल्या महाराष्ट्रभूषण पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघातानं बळी गेला. दुसरीकडे कित्येक मुली आणि नोकरदार स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छ स्वच्छतागृह जवळ नसतं. मुंबईत २०११ साली स्त्रियांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली ती यासाठीच. त्यांना आठ ग्लासांचा सल्ला देणं म्हणजे थट्टा आहे.

तेव्हा घरापुरतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. निरोगी माणसानं तहान लागली की प्यावं आणि लघवीचा रंग फिकट पिवळा आहे ना, एवढं पाहावं. उन्हात काम असेल तर तहानेआधीच थोडं थोडं प्यावं आणि मिठाची सोय ठेवावी. मुतखड्याचा त्रास असलेल्यांना जास्त पाणी लागतं, तर हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना कमी प्यावं लागू शकतं. त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

आणि घराबाहेरचं म्हणाल, तर बांधकामावर, बसथांब्यावर, बाजारात, शाळेत पाणी आणि स्वच्छतागृह आहे की नाही, हे विचारायला लागू या. आपल्या दाराशी एक माठ भरून ठेवला, तरी सुरुवात झाली. तो दुपारी रिकामा झाला की पुन्हा भरावा. त्यातून कुणी किती ग्लास प्यायले, हे मोजायचं कारण नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)