वैनगंगेच्या खोऱ्यातील तलाव : ‘मालगुजारी’ या नावामागील इतिहास

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. शासकीय दप्तरात त्यांची नोंद ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी असून बोलण्यात त्याचे ‘मामा तलाव’ असे संक्षिप्त रूप झाले आहे. हे नाव सोयीचे असले तरी इतिहासाच्या दृष्टीने ते दिशाभूल करणारे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तिसरे रघुजी भोसले यांच्या १८५३ मधील निधनानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे १८६० च्या दशकातील जमाबंदीत गावचे पाटील व मक्तेदार यांना गावाचे मालकी हक्क देण्यात आले व ‘मालगुजार’ हा वर्ग कायद्याने अस्तित्वात आला. यांतील अनेक तलाव मात्र त्यापूर्वीचे आहेत. नवेगाव बांध येथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला, अशी परंपरा आहे. तलाव बांधणाऱ्यास त्याखालील जमीन देण्याची पद्धत चांद्याच्या गोंड राजांनी सुरू केली, असेही सांगितले जाते. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात कोहळी समाज तलाव बांधण्यात व ऊस पिकविण्यात निष्णात असल्याचा उल्लेख आढळतो. गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, ही कथा अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. तथापि पाण्याचे ज्ञान असणाऱ्या लोकांना राज्यकर्ते मुद्दाम वसवीत असत, ही स्मृती तीत टिकून आहे.

या तलावांची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. दोन टेकड्यांमधील उतार हेरून मातीची पाळ घातली जाई. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात किंवा बोडीत उतरे, आणि शेवटी ते पाणी नाल्यावाटे वैनगंगेला मिळे. पाणी सोडण्याच्या ‘तुडुमा’ला वेगवेगळ्या उंचीवर तोंडे असत. पातळी खाली जाईल तसे एकेक तोंड उघडून धानाच्या बांध्यांना पाणी दिले जाई. गावातील वहिवाटीचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात लिहिले जात. त्यामुळे मालक मालगुजार असला, तरी पाण्यावर गावाचा हक्क होता. पाळ दुरुस्त करण्याचे श्रमही गावाचेच होते. ते श्रम करणाऱ्यांची नावे अर्थातच कोठे लिहिलेली नाहीत.

मध्य प्रदेशातील मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा कायदा १९५१ मध्ये अमलात आला आणि तलाव शासनाकडे गेले. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. मालगुजारी संपली हे योग्यच झाले. परंतु मालकाबरोबर देखभालीची जुनी व्यवस्थाही गेली व तिची जागा घेणारी दुसरी व्यवस्था गावात उभी राहिली नाही.

याचा सर्वाधिक परिणाम ढिवर समाजावर झाला. इतिहासलेखनात शेतकऱ्याचे पाणी दिसते, ढिवराचे दिसत नाही. त्याची उपजीविका मासे, शिंगाडा व कमळकंद यांवर होती. पुढे सहकारी संस्थांना मासेमारीसाठी तलाव ठेक्याने मिळू लागले. त्यांत रोहू, कतला व मृगळ यांचे बीज सोडण्याचा प्रघात पडला. हे मासे झपाट्याने वाढतात, पण साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. म्हणून बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. मरळीसारखे स्थानिक मासे मात्र काठच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आश्रयाने स्वतःच वाढत. तो काठ आता बेशरमच्या झुडपांनी व्यापला आहे. यंत्राने सरसकट खोदकाम केल्यास गाळाबरोबर उरलेल्या पाणवनस्पतीही जातात. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील काही गावांत ढिवर स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर लावावी, हे त्यांना वडीलधाऱ्यांना विचारूनच ठरवावे लागले, कारण त्याची नोंद कोणत्याही जमाबंदीच्या दप्तरात नाही.