खाडीकाठच्या काचेतले मिशाळ मासे

मिरा रोड स्टेशनच्या पूर्वेला नया नगर उभं राहू लागलं ते 1970 चं दशक संपता संपता. त्याआधी हा पट्टा खाजणांचा, भातखाचरांचा आणि भाईंदरच्या बाजूला मिठागरांचा. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत मिशांचा मासा म्हणजे चिवणी. पावसाच्या पहिल्या सरींनंतर गाबोळीनं भरलेली चिवणी वलगणीत, म्हणजे मासे उथळ पाण्यात चढतात तेव्हा, पकडायची आणि तिचं कालवण करायचं, एवढंच तिच्याशी नातं. तिला काचेत ठेवून न्याहाळत बसावं, असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. पुढे 1985 मध्ये इथे नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महापालिका. मधल्या काळात मुंबईत घर परवडत नाही म्हणून लोक आले, 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबई सोडणारी अनेक मुस्लिम कुटुंबंही आली. अशा वसाहतींच्या छोट्या दिवाणखान्यांत जे मिशाळ मासे पोहोचले ते मात्र बहुतेक दूर दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतले. त्यांतले कोणते घरात यावेत हे माशाच्या स्वभावानं ठरलं नाही. ते दुकानाच्या सोयीनं ठरलं, आणि त्याची किंमत माशानं आणि पुढे तळ्यांनी-पाणथळींनीही मोजली, असं माझं म्हणणं आहे.

मुंबईकरांना काचेआडचा मासा तिकीट काढून पाहायची सवय लावली ती मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयानं, 1951 पासून. घरातली टाकी ही मात्र बराच काळ हौशी आणि सुखवस्तू माणसाची चैन होती. लोखंडी अँगलच्या चौकटीत पुट्टीनं बसवलेल्या काचा, गंजणारे कोपरे आणि ठिबकणारं पाणी हे सगळं निस्तरायला जागा आणि वेळ दोन्ही लागत. सिलिकॉननं काचेला काच चिकटवता येऊ लागली तेव्हा टाकी हलकी आणि स्वस्त झाली, दोन फुटांत मावू लागली. क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या दुकानांतून मासे उपनगरांत पसरले. पण 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरच्या टाकीत जेमतेम 54 लिटर पाणी बसतं, रेती-दगड घातल्यावर त्याहून कमी. एवढ्या पाण्यात गोल्डफिश ठेवले की थोड्याच दिवसांत काच हिरवी आणि तळ घाण. गिऱ्हाइकाच्या या तक्रारीवर दुकानदाराकडे एक तयार उत्तर होतं: एक ‘सकर’ टाका, तो सगळं साफ करतो.

हा सकर म्हणजे टेरिगोप्लिक्थिस, दक्षिण अमेरिकेतून आलेला मिशाळ मासा. दुकानात बोटाएवढा असतो, वाढून 40 सेंटिमीटरच्याही पुढे जातो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. शेवाळ तो खातो हे खरं, पण खाल्लेलं विष्ठेच्या रूपानं त्याच पाण्यात परत येतं, तेव्हा सफाईचा हिशेब मुळातच चुकलेला. ‘शार्क’ म्हणून विकलं जाणारं चंदेरी पिल्लू तर आणखी विनोदी प्रकरण. ते पंगसचं पिल्लू, म्हणजे मासळी बाजारात कापून किलोवर विकला जातो त्याच माशाचं. दीड-दोन फूट वाढलेल्या सकरला दोन फुटांच्या टाकीत वळताही येत नाही. मग मारवत नाही म्हणून माणूस त्याला तळ्यात किंवा नाल्यात सोडतो, आणि वर पुण्य केल्यासारखं वाटतं. पूर्व कोलकात्याची पाणथळ आणि आंध्रातली मत्स्यतळी या सकरनं कशी व्यापली, त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी कशी फाडली, हे आता नोंदलेलं आहे. तो थोडा खारेपणाही सोसतो, हे खाडीकाठच्या गावानं विशेष ध्यानात घ्यावं.

दुसरा रस्ता तेव्हाही होता. कोरिडोरास, थोडक्यात कोरी, या लहान मिशाळ माशांची ओळख जुनी आहे. बीगल जहाजावरच्या डार्विननं आणलेल्या नमुन्यांवरून जेनिन्सनं 1842 मध्ये त्यांतल्या एका जातीचं वर्णन केलं, आणि पॅरिसमध्ये कार्बोनिएनं 1870 च्या दशकात तीच जात टाकीत वाढवली. बहुतेक जाती पाच-सात सेंटिमीटरवर थांबतात, पिग्मी ही जात तर जेमतेम तीनवर. म्हणजे छोट्या घराला पुरेल असा मिशाळ मासा नया नगरची पहिली वीट रचण्याच्या शंभर वर्षं आधीपासून पाळला जात होता. तो मागे का पडला? कारण तो एकटा विकता येत नाही. त्याला पाच-सहांचा जमाव लागतो, मिशा झिजू नयेत म्हणून धारदार खडीऐवजी बारीक रेती लागते, आणि इतरांचं उरलंसुरलं नव्हे तर तळाशी जाणारं स्वतःचं खाणं लागतं. एका सकरनं तक्रार मिटत असेल तर हे सगळं समजावत कोण बसेल?

यावर आक्षेप निघतो की सकर निदान जगतो, कोरी उन्हाळ्यात मरतात. आक्षेपात तथ्य आहे. डार्विनची ती जात, पॅलिएटस, थंड पाण्याची. मे महिन्यात मिरा रोडच्या वरच्या मजल्यावर टाकीचं पाणी तिशीला टेकतं, तेव्हा तिचे हाल होतात. पण हा जात निवडण्यातला दोष झाला. स्टर्बाय ही कोरीची जात उबदार पाण्यातही चांगली राहते, ब्राँझ कोरीही बऱ्यापैकी सोसतो. हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि आतड्यातून प्राणवायू घेतात, पण म्हणून त्यांना कोंदट पाण्यात ठेवायची मुभा मिळत नाही. एकसारखे वर धावू लागले तर पाणी बिघडलंय असं धरावं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कोरीही परदेशीच, मग सकरला दोष का? उत्तर लांबीत आहे. सात सेंटिमीटरचा मासा टाकीला जड होत नाही, म्हणून तो सोडून द्यायची वेळ सहसा येत नाही. तो इथल्या पाण्यात रुजणारच नाही, अशी हमी मात्र कुणी देऊ नये. मग देशी चिवणीच का पाळू नये? कारण ती वीतभर वाढते, तिला निमखारं पाणी मानवतं आणि लहान सोबती ती गिळते. या शहराला नळानं येणारं बरंचसं पाणी उल्हास नदीचं, आणि तिच्याच मुखाच्या खाडीकडे इथले नाले जातात. त्यामुळे दुकानात उभं राहून विचारायचा पहिला प्रश्न ‘काय साफ करतो’ हा नव्हे, ‘किती वाढतो’ हा आहे. तो विचारल्यावर दुकानदार बहुधा ‘टाकीएवढाच वाढतो’ असं सांगतो, आणि ते खोटं असतं.