पाहुण्यांना आपले शहर दाखवताना



सुट्ट्या लागल्या की आपल्या घरी मुंबईचे, हैदराबादचे पाहुणे येतात. एका दिवसासाठी गाडी ठरते. सकाळी वेरूळ, वाटेत दौलताबादचा किल्ला, संध्याकाळी बीबी का मकबरा आणि रात्री नान-खलिया. पाहुणे ‘ताजमहालची नक्कल पाहिली’ असे म्हणत परत जातात आणि आपणही मान डोलावतो. आपली मुले तेच ऐकत मोठी होतात. म्हणून या वर्षी पाहुण्यांना शहर जरा वेगळ्या वाटेने दाखवा, अशी आपणांस विनंती आहे.

सुरुवात भडकल दरवाजापासून करावी. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने हा दरवाजा 1612 साली बांधला. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, 1610 मध्ये, त्याने खडकी नावाच्या खेड्याच्या जागी निजामशाहीची राजधानी वसवली होती. हा मलिक अंबर कोण, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगा. तो हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. बगदादला एका मालकाच्या घरी त्याला लिहिणे-वाचणे मिळाले, पुढे तो दख्खनमध्ये आला आणि एक दिवस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. ज्याच्या हाती जन्माने काहीच नव्हते, त्याने वसवलेल्या शहरात आपण राहतो. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा हे त्याच्या काळचे पुरे मराठा सरदारांच्या नावांवरून वसले. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूने लढले. ही गोष्ट वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावी, मग तो कोणत्याही घरातला असो.

पुढे शहराची नावे बदलत गेली. अंबरच्या मृत्यूनंतर, 1626 मध्ये, त्याचा मुलगा फतेहखान याने फतेहनगर म्हटले. 1653 मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या शाहजादा औरंगजेबाने औरंगाबाद केले. 2023 पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. आसफजाही राज्याची राजधानीही काही काळ इथेच होती. 1763 मध्ये ती हैदराबादला गेली, आणि शहराचा थाट ओसरला.

आता मुद्द्याचे सांगतो. राजधानी नुसत्या तटबंदीवर उभी राहत नाही, तिला पाणी लागते. खाम नदी लहान, उन्हाळ्यात आटणारी. तेव्हा मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगरउतारावर जमिनीत झिरपणारे पाणी भुयारी बोगद्यांत गोळा केले आणि ते केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. ठिकठिकाणी मनोरे बांधले. पाणी त्यांत वर चढे, त्याबरोबर अडकलेली हवा निघून जाई आणि पुढच्या मातीच्या नळांना वाट मिळे. यालाच नहर-ए-अंबरी म्हणतात. ना बैल, ना मोट, ना पंप! आज जायकवाडीचे पाणी लांबून उपसून आणूनही आपल्या नळाला ते किती वर्षे दिवसांआड येत आले, हे आपल्या घरच्या बायका अधिक चांगले सांगतील.

ही करामत डोळ्यांनी पाहायची असेल तर भडकल दरवाजाजवळच्या पाणचक्कीवर चला. तिचे पाणी वेगळ्या नहरीचे, पण तत्त्व तेच. काही किलोमीटरवरच्या उंच झऱ्याचे पाणी नळांतून येते, भिंतीतून वर चढते आणि धबधब्यासारखे हौदात पडते. मुलांना विचारा, ‘पाणी वर कसे चढले?’ लगेच उत्तर देऊ नका. शाळेच्या पुस्तकात द्रवाच्या पातळीचा धडा आहे, तो त्यांना इथे आठवला पाहिजे. त्याच पाण्याच्या जोरावर खालची पाती फिरत आणि जात्याचा दगड दळत असे. दळण कोणासाठी? बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आश्रयाला असलेल्या फकिरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी. बाबा बुखाऱ्याकडचे सूफी. इथे एक मोठा ग्रंथसंग्रहही होता, आणि आझाद बिलग्रामींसारखा अरबी-फारसीचा पंडित काही वर्षे या जागेच्या आसऱ्याला राहिला. विद्यार्थ्याच्या भाकरीची व्यवस्था आधी, मग ग्रंथालय! आपल्या संस्थेच्या वसतिगृहाचा हिशेब करणाऱ्यांनी हे जाते एकदा जरूर पाहावे.

हौदाच्या तळाशी एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. भर उन्हात तिथे थंडावा असतो. पाहुण्यांना तिथे दहा मिनिटे बसू द्या, घाई करू नका.

तिथून बेगमपुऱ्यातून मकबऱ्याला जाता येते. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली, तिची ही कबर. ‘नक्कल’ हा शब्द मुलांच्या तोंडी येऊ देऊ नका. दरवाजावर बांधणाऱ्यांची नावे आहेत : वास्तुकार अताउल्ला आणि हंसपतराय. अताउल्लाचे वडील उस्ताद अहमद लाहोरी हे ताजचे वास्तुकार मानले जातात. म्हणजे बापाचे काम मुलाने, निम्म्याहूनही कमी पैशात, दख्खनच्या मातीत पुन्हा करून पाहिले. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, बाकी चुन्याचा गिलावा. जवळ जाऊन हात न लावता पाहा, फरक कळतो.

मग दुसऱ्या दिवशी वेरूळला जाल तेव्हा परतीच्या वाटेवर खुल्दाबादला थांबा. औरंगजेबाची साधी, उघडी कबर सगळेच पाहतात. तिथून थोडे पुढे मलिक अंबरचा घुमटाचा मकबरा आहे. गाडीवाला ‘तिकडे काय आहे?’ असे विचारील. त्याला सांगा, ज्याच्या शहरातून आम्ही आलो तो इथे आहे.