संहिता आणि प्रयोग : हेरोकूची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, प्रोग्रॅम रिपॉझिटरीतून क्लाउडवर जातो म्हणजे नेमकं काय होतं?" प्रश्न तंत्रज्ञांचा वाटतो, पण तो आमच्या प्रांतातला आहे. नाटकाची संहिता कपाटात असते आणि प्रयोग शिवाजी मंदिरात होतो. यातलं नाटक कोणतं?

पूर्वी संगणकवाले काय करायचे? आपल्या यंत्रावर लिहिलेल्या फाइली एकेक करून सर्व्हरवर चढवायचे. मग घाईघाईत कुणी थेट तिथेच दोन ओळी बदलायचा, आणि महिनाभराने खरी प्रत कोणती हे कुणालाच सांगता यायचं नाही. पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्यांना हे दुःख नवीन नाही!

एप्रिल २००५मध्ये गिट आलं. लिनक्सची मंडळी बिटकीपर नावाचं साधन फुकट वापरत होती. ती सवलत गेली, तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं. गिटमध्ये प्रत्येकाच्या प्रतीत सगळा इतिहास असतो आणि प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरूनच काढलेली खूण असते. पाठभेदाचा प्रश्न असा बराचसा मिटला. पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉनने तासाच्या भाड्याने यंत्रं द्यायला सुरुवात केली. पण ते म्हणजे रिकामं नाट्यगृह. दिवे, पडदे, ध्वनी, सगळं तुम्हीच आणायचं.

ही मधली दरी हेरोकूने भरली. जेम्स लिंडेनबाम, अ‍ॅडम विगिन्स आणि ओरायन हेन्री या तिघांनी २००७ साली ती कंपनी काढली. सुरुवातीला फक्त रूबी भाषेतल्या प्रोग्रॅमसाठी, आणि तेही ब्राउझरमध्येच लिहायचे, अशी कल्पना होती. ती फार चालली नाही. चाललं ते दुसरंच: 'गिट पुश'. तुम्ही रिपॉझिटरी त्यांच्याकडे ढकलायची. ते भाषा ओळखणार, लागणारी सामग्री गोळा करणार, सगळ्याचं एक गाठोडं बांधणार आणि भाड्याच्या यंत्रावर सुरू करणार. बिघडलं तर मागचं गाठोडं पुन्हा उघडायचं. डिसेंबर २०१०मध्ये सेल्सफोर्सने ही कंपनी २१ कोटी २० लाख डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. ते असो.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०११चं टिपण, 'द ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप'. त्यात म्हटलंय की चालणारा प्रोग्रॅम कधीही मारता आला पाहिजे आणि पुन्हा उभा करता आला पाहिजे. त्याने स्वतःजवळ काही साठवू नये. हेरोकूवर तर यंत्र रोज एकदा तरी नव्याने सुरू होतं आणि डिस्कवर मधल्या काळात लिहिलेलं सगळं जातं.

अशाच एका फुकट सेवेवर माझ्या एका विद्यार्थ्याने आमच्या निवृत्तांच्या मंडळाची साइट केली होती. मी रात्री जागून चाळीस जुनी छायाचित्रं चढवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर छायाचित्रांची नावं होती, चित्रं नव्हती. फोन केला. तो म्हणाला, "सर, नावं डेटाबेसमध्ये गेली, चित्रं डिस्कवर. डिस्क रोज पुसली जाते." तीस वर्षं क्षणभंगवाद शिकवला मी, पण असा हिसका बसला नव्हता बरं का!

आता २०२२. एप्रिलमध्ये गिटहबने जाहीर केलं की हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय यांना दिलेली प्रवेशपत्रं चोरून कुणीतरी लोकांच्या खासगी रिपॉझिटरी उतरवून घेतल्या. म्हणजे संहितेकडून प्रयोगाकडे जाण्यासाठी उघडलेल्या दारातूनच चोर कपाटापर्यंत पोहोचला. मग २८ नोव्हेंबरपासून हेरोकूने फुकट सेवा बंद केली. अर्ध्या तासात कुणी फिरकलं नाही की झोपी जाणारे ते छोटे प्रोग्रॅम अनेक विद्यार्थ्यांचं पहिलं लेखन होतं. ज्यांच्याकडे रिपॉझिटरी होती त्यांनी ते दुसरीकडे उभे केले. पण लोकांनी वापरताना त्यांत जे भरलं, नोंदी, अभिप्राय, ते रिपॉझिटरीत कधीच नव्हतं. वेळेत उतरवून घेतलं नसेल तर गेलं.

मग त्या मुलांचा प्रोग्रॅम वाचला म्हणायचं की नाही? मी अजून ठरवलेलं नाही. तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकतो. मागच्या रांगेत माइक द्या जरा.