सीरममध्ये सापडलेला बॉम्बे रक्तगट

शीवच्या आमच्या लॅबमध्ये रक्त देऊन बसलात की आतून घरघर ऐकू येते, ती सेंट्रिफ्यूजची. नळी नुसती उभी ठेवली तरी तांबड्या पेशी सावकाश खाली बसतातच; ईएसआरमध्ये आम्ही तासाभरात त्या किती मिलिमीटर बसल्या तेच मोजतो. पण १५ सेंमी त्रिज्येवर मिनिटाला ३,००० फेरे दिले की गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीड हजार पट जोर येतो. काही मिनिटांत पेशी तळाला, वर पिवळसर सीरम (रक्त आधी गोठू दिले असेल तर, नाहीतर प्लाझ्मा).

हा पिवळा द्रव बिनकामाचा समजू नका. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपल्या मुंबईतला एक चमत्कारिक प्रकार मांडला. पेशी तपासल्या तर गट 'ओ' वाटावा, पण सीरम 'ओ'च्या पेशींचेही पुंजके करते! तोच बॉम्बे रक्तगट. भारतात अंदाजे दहा हजारांत एकाचा. अशा रुग्णाला साधे 'ओ' रक्त चढवले तर जिवावर बेतते.

म्हणून रक्तपेढीत पेशी आणि सीरम दोन्ही वेगवेगळे तपासतात. "बाटलीला इतका वेळ का, डॉक्टर?" म्हणून नातेवाईक चिडतात. त्यातला बराच वेळ इथे जातो.